सुपाच्या शेपटीचा डॉल्फिन

डॉल्फिनचं नाव वाचून तुमी मस्त पाय पसरून बसले असान. आता निळा समुद्र येईन, वाळू येईन, कोनीतरी किनाऱ्यावर एकटं उभं राहून उसासे टाकन, मंग सूर्य बुडन. आवरा पाय. माह्या ह्या लेखात समुद्र नाही. मी समुद्र पाह्यलाच नाही. माह्या बाबानं नाही पाह्यला, त्याच्या बाबानं नाही पाह्यला. आमच्याकडं सगळ्यात मोठं पानी म्हनजे गावाखालचा तलाव, आनि तोबी मे महिन्यात इतका आटते का बगळे यून चौकशी करून वापस जातात. पोरगीबी येनार नाही, आधीच सांगून ठेवतो. म्हैस येते. ज्याले म्हैस चालत नसन त्यानं इथूनच पान उलटावं.

राह्यले ना? बसा मंग.

किन्हीराजाच्या अलीकडं आमचं खेडं आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर गाववाले मले हुडकत येतीन. यंदा मी वाशीमहून दोन दिवसासाठी घरी आलो तं तोच परीक्षेचा मौसम लागला होता. तुरी घरात यून पडलेल्या, हरभऱ्याचे घाटे भरलेले, सकाळी स्वेटर आनि दुपारी पंखा. वावराच्या धुऱ्यावरचा पळस लाल झालेला. आनि गावातल्या घराघरातून पाठांतराचा आवाज. हा आवाज आमच्याकडं फक्त ह्याच दिवसात येते. एका घरातून पानिपत, दुसऱ्या घरातून त्रिकोनाचं क्षेत्रफळ, तिसऱ्यातून इंग्रजीची कविता, आनि मधातच कोनाची तरी माय वरडते, "आवाज काहून बंद झाला बे तुहा?" आमच्याकडं मनातल्या मनात केलेला अभ्यास कोनी मोजत नाही. गल्लीले आयकू गेला तरच तो अभ्यास.

माही पुतनी राधा आंगनात येरझारा मारून राह्यली होती. "डॉल्फिन हा सस्तन प्राणी आहे कारण… कारण… काका, कारन काय?"

"आजीले इचार," मी म्हनलं.

घरातून मायचा आवाज आला, "त्या मासोळीचं नाव काढू नको माह्या घरात!"

राधा म्हने, "आजी, ती मासोळी नोहे. हेच तर लिवाचं आहे."

"काहीबी असो. बाहीर नेऊन वाच."

मी हसत हरभऱ्याचा टहाळ सोलत बसलो. माय आजून इसरली नाही. बरंच आहे, मीबी इसरलो नाही.

मी तवा नववीत होतो. गाव मले मिठ्ठू म्हने, कारन मी कोनाचाबी आवाज काढे. एसटीचा कंडक्टर, भंगारवाला, लग्नातला भटजी, गिरनीचा पट्टा, काहीबी. पन सगळ्यात भारी निघे ते आमचे हेडसर. हेडसर बोलायच्या आधी दोनदा खाकरत आनि बोलून झाल्यावर म्हनत, "काय समजलं?" त्या सव्वीस जानेवारीले मी माइक टेस्टिंगच्या नावाखाली दोनदा खाकरलो आनि म्हनलं, "सर्व विद्यार्थ्यांना सुट्टी आहे. काय समजलं?" अर्धी शाळा झेंड्याच्या आधीच घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हेडसरनं बोलावलं. खाकरले. मी हसू येऊ नये म्हनून ओठ दाबून उभा. "मिठ्ठू, आजपासून माणसांची नक्कल बंद. एकाही माणसाची केली तर वर्षभर कोणत्याच कार्यक्रमात दिसायचं नाही. जनावरांची कर हवी तर. काय समजलं?"

समजलं होतं. जनावरं तं जनावरं.

तवाच आमच्या शाळेत तांडेल मॅडम नव्या आल्या होत्या. पार कोकनातून. इग्नान, म्हनजे विज्ञान शिकवत. पूर्ण शाळेत समुद्र पाह्यलेलं एकच मानूस, आनि त्याईनं नुसता पाह्यलेला नोहे, त्याच्या बाजूलेच त्याईचं घर. आमी त्याईले काहीबी इचारो. "मॅडम, समुद्र कोनाच्या मालकीचा हाये? मॅडम, त्याले कुंपन काहून नाही?" त्या हसत. तालुक्याची इग्नानाच्या नाटकाची स्पर्धा त्या वर्षी आमच्याच शाळेच्या पटांगनात होती, आनि जे नाटक निवडलं जाईन ते वाशीमले जानार होतं. आमच्या शाळेचं नाटक कधी गावाबाहीर गेलंच नव्हतं. मॅडमनं ठरवलं, यंदा जाईन. मीबी ठरवलं. वाशीमले म्हने मोठं स्टेज राह्यते, दोरीनं उघडनारा पडदा राह्यते, आनि खरा माइक राह्यते, मधातच कुकुकु न करनारा. मी रातदिवस तेवढंच पाहो: मी, तो माइक, आनि समोर अनोळखी लोक.

नाटक असं होतं. समुद्रात पंचायत भरली आहे. मासोळ्याईची तक्रार आहे: हा डॉल्फिन आमच्यासारखा दिसते, आमच्यात राह्यते, आमच्यासारखा पोहते, आनि म्हन्ते मी तुमचा नोहे! सरपंचानं न्याव करावा.

डॉल्फिन आधी पारस होनार होता. पारस माहा दोस्त, त्याच्या घरचं गावात किराना दुकान. पन त्याच्या पप्पाईनं आयकलं आनि थेट शाळेत आले. जैन मानूस, आवाज एकदम मऊ. "मॅडम, आमच्या घरात मासोळीचं चित्रबी नाही. पोरगा मासोळी झालेला त्याच्या आजीले कसं सांगू?"

मॅडम म्हनाल्या, "काका, डॉल्फिन मासा नाहीच. नाटक त्याच्यावरच आहे."

"ते तुमचं नाटक झाल्यावर लोकाईले समजन ना. पह्यले तं मासोळीच दिसन!"

मंग पारसच्या पप्पाईनंच मार्ग काढला. "त्याले न्याव देनारा करा. न्याव द्यायले आमची हरकत नाही." असा पारस सरपंच झाला आनि मी डॉल्फिनचं पिल्लू. जनावर होतं, म्हनून हेडसरचीबी परवानगी.

आता खरं सांगतो, मलेबी डॉल्फिन मासोळीच वाटे. पान्यात राह्यते, पर हायेत, शेपटी हाये. तिले मासोळी नाही म्हनाचं तं काय चिमनी म्हनाचं? हे मले समजलं ते आमच्या चंद्रीपायी.

चंद्री आमची म्हैस. आमचा गोठा शाळेच्या भितीले लागूनच हाये, इतका का गनिताच्या तासाले ती हंबरली का आमी सगळे म्हनो, "बरोबर उत्तर!" ती त्याच दिवसात व्याली होती. वगार झाली, म्हनजे मादी, म्हनून माय खुशीत. पह्यल्या दुधाचा चीक आमच्याकडं इकत नाहीत, शेजारीपाजारी वाटतात. मायनं एक डबा मॅडमच्या खोलीवर पाठवला. मॅडमनं खाल्ला, डोळे मिटले. डबा रिकामा वापस देऊ नये हे त्याईले कोनी सांगितलं होतं काय मालूम, त्याईनं त्याच्यात कोकमं टाकून देले. मायनं ती कोकमं हुंगली आनि म्हने, "ह्या चिचेले काय झालं वं बाई?"

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हनाल्या, "चला, मला तुमची म्हैस दाखवा." आमी सगळे तलावावर. चंद्री पान्यात पसरून बसली होती, फक्त नाकपुड्या आनि शिंगं वर.

"ही पाण्यात आहे. मासा झाली का?"

"नाही मॅडम!"

"का नाही?"

पारस म्हने, "ती नाकानं दम घेऊन राह्यली."

"डॉल्फिनही तेच करतो. त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. नाकपुडी डोक्यावर असते. श्वास घ्यायला वर यावंच लागतं. मासा वर आला तर तडफडतो, डॉल्फिन वर आला नाही तर मरतो."

मंग त्याईनं आमाले पारसच्या दुकानासमोरचं कुत्रं पळताना पाहाले लावलं. कुत्र्याची पाठ पळताना वरखाली होते. मंग हौदातली मासोळी पाह्यली, ती डावी-उजवी वळवळते. डॉल्फिनची शेपटी कुत्र्याच्या पाठीसारखी वरखाली हालते, म्हनून ती आडवी. मासोळीची उभी. मी तंवर मायचं सूप कमरेले उभं बांधून शेपटी केली होती. मॅडमनं ते सोडलं आनि आडवं बांधून देलं. "आता तू आमच्यातला झालास," त्या म्हनाल्या. रक्त गरम, अंडं नाही, पिल्लू जिवंत जन्मते, आनि जन्मलं का माय त्याले दम घ्याले वर घेऊन जाते. आनि दूध पाजते. पान्यात! पिल्लाले ओठच नाहीत चोखाले, तं मायच त्याच्या तोंडात धार सोडते.

मी घरी यून मायले सांगितलं. "माय, ती मासोळी पान्यात दूध पाजते."

माय म्हने, "मंग ती मासोळी कायले म्हनता?"

पूर्न नाटक तिथंच संपलं होतं, पन मॅडमनं ते पाऊन तासाचं लिवलं होतं.

नाटकातली शेवटची गोष्ट अशी. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची येक शिटी राह्यते, नावासारखी. माय शिटी मारते, पिल्लू हुडकत येते. पिल्लू हरपते, शिटी मारते, माय धावत येते. सरपंच न्याव देत नाही तंवर मासोळ्या भांडून राह्यल्या असतात, गोंधळात पिल्लू हरपते, आनि त्यानं हाक मारली का माय पडद्यामागून धावत येते. मासोळ्या गप. त्याईच्यात कोनाची माय कधी आलीच नसते. पारस हातोडा आपटते: "डॉल्फिन सस्तन!" पडदा.

शिटीची मी लय तयारी केली. पन मले वाटे, नुसत्या शिटीत मायेचा आवाज येत नाही. म्हनून मी गोठ्यात जाऊन वगारीजवळ बसो. ती भुकेनं कशी हाक मारते, नाकातून सुरू करून गळ्यात कशी सोडते, मधात कशी तुटते, सगळं शिकून घेतलं. येकदा काढून पाह्यली तं चंद्रीनं रवंथ थांबवला आनि कान वळवले. मी खुश! हेडसरपेक्षा भारी निघाला होता हा आवाज. माय बाहीरून म्हने, "गोठ्यात काय लावलं रे? गुमान बस तिथं." मी गुमान बसलो. म्हनजे जराक वेळ.

आज मी वाशीममंदी लग्नात, वाढदिवसात निवेदन करतो. माइक हाती, शेरवानी भाड्याची, तोंडात एकदम शुद्ध भाषा: "उपस्थित मान्यवरांचे मी सहर्ष स्वागत करतो." मधात हिंदी शेर, मधात नट-पुढाऱ्यांचे आवाज. लोक म्हन्तात, पुन्याचा आहे का हा? मंग मधातच मायचा फोन येते. मी मंडपाच्या मांगं जातो, माइक बंद करतो आनि म्हनतो, "काय वं माय? जेवली का?" असा मोठा दम आत जाते! तवा मले दरवेळी डॉल्फिन आठवते. डॉल्फिनबी नकलाकारच ना बापा. आंग मासोळीचं, पर मासोळीचे, चाल मासोळीची. मोठे मोठे लोक फसतात. पन दम घ्याले त्याले वर यावं लागते, आपल्याच नाकानं. मंग कोनी किती बी म्हनो.

नाटकाच्या दिवशी पटांगनात मांडव होता. परीक्षक म्हनून तालुक्याहून येक सर आले होते, चष्मा कपाळावर आनि चेहरा असा का जनू आताच कोनी त्याईची चहा सांडली. आमच्या आधीची नाटकं प्रदूषनावर. परीक्षक पेंगून राह्यले होते. आमचं सुरू झालं. खताच्या पोत्याले राखाडी रंग देऊन माहा डॉल्फिन झाला होता, मांगं मायचं सूप आडवं, डोक्यावर पान्याची बाटली. मी बाटली दाबली, पान्याचा फवारा उडला, पयल्या रांगेतले पाहुने भिजले, परीक्षक जागे झाले. लोक हसले. मॅडम पडद्याच्या कोपऱ्यातून अंगठा दाखवून राह्यल्या होत्या. वाशीम मले दिसूनच राह्यलं होतं.

मंग ती शिटीची जागा आली. मी ओठ गोल केले आनि फुंकलं. फुस्स. रंगानं ओठ वाळून गेले होते. पुन्हा फुंकलं. फुस्स. पडद्यामागं डॉल्फिनची माय झालेली पोरगी उभी, शिटीबिगर ती येऊ शकत नव्हती. मॅडमचा अंगठा खाली आलेला. पारस सरपंचाच्या खुर्चीवरून दात दाबून म्हने, "मार ना बे!"

माह्या डोक्यात वाशीमचा माइक असा बारीक बारीक होऊन राह्यला होता. आनि मंग जे येते ते तोंडातून निघालं. नाकातून सुरू, गळ्यात सोडलेलं, मधात तुटलेलं. वगारीचा आवाज. जसाच्या तसा.

मंग भितीच्या पलीकडून चंद्री हंबरली. असं हंबरनं मी तिचं कधी आयकलं नव्हतं. खुटा उपटल्याचा आवाज, बादली पडल्याचा आवाज, कोनीतरी वरडलं, "म्हैस सुटली वं!" आनि मांडवाची बाजूची कनात फाटली.

लोक खुर्च्या सोडून मांडवाच्या कडेले पळाले. हेडसर टेबलावर उभे. मासोळ्या झालेल्या पोट्ट्याईनं स्टेजवरून उड्या मारल्या. स्टेज म्हनजे काय, मातीचा ओटाच, चंद्री आरामात चढली. सरळ माह्याजवळ आली. तिच्या सडातून दुधाच्या धारा आपसुक लागल्या होत्या, ओट्यावर थेंब नाही, वघळ. तिनं मले हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं, मानेजवळ, पोत्याच्या रंगावर. मले तिचा गरम दम लागून राह्यला होता. आवाज बरोबर होता, वास चुकत होता. ती मान वर करून इकडंतिकडं पाहे आनि पुन्हा मलेच हुंगे.

सगळे पळाले, पारस तेवढा खुर्चीवर. त्याच्या पप्पाईनं सांगितलं होतं ना, न्याव द्यायचा. त्यानं हातोडा आपटला. "सस्तन!"

मांडव फुटला हसून. परीक्षकानं चष्मा डोळ्यावर घेतला, पह्यलीच वेळ. "मॅडम, हे तुमच्या संहितेत आहे?"

तांडेल मॅडम पदर सावरत म्हनाल्या, "संहितेत नाही सर. मुद्द्यात आहे."

तेवढ्यात माय आली. पदर खोचलेला, हात शेनाचे. लोकाईतून सरळ ओट्यावर चढली, चंद्रीच्या गळ्यातलं दावं धरलं, तिच्या कानाजवळ काहीतरी बोलली आनि तिले घेऊन गेली. माह्याकडं तिनं पाह्यलंच नाही. एवढ्या गलक्यात मले फक्त तेवढंच दिसलं.

निकाल लागला. आमचं नाटक वाशीमले निवडलं. परीक्षकानं स्टेजवरून सांगितलं, "एकच अट आहे. म्हैस आणायची नाही." मॅडम रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. हेडसर टेबलावरून उतरले, दोनदा खाकरले आनि पाठीवर थाप मारली. वाशीमले आमी गेलो, खरा माइक पाह्यला, मी ओठाले तूप लावून साधी शिटी मारली, आनि आमचा नंबर आला नाही. पन माइकवर मी जो चढलो तो आजून उतरलो नाही.

ते नंतरचं. त्या दिवशी मी उड्या मारत घरी आलो. कमरेले सुपाची एकच बाजू लटकत होती, दुसरी चंद्रीच्या पायाखाली गेलेली. "माय! आपलं नाटक वाशीमले चाललं!"

माय गोठ्यात बसली होती. वगारीचं तोंड तिनं मांडीवर घेतलेलं. चंद्री उभी, पन कास रिकामी. आमच्या वाट्याचं सोडा, वगारीच्या वाट्याचंबी सगळं ओट्यावर सांडून आलं होतं. माय वगारीले बोटानं गुळाचं पानी चाटवून राह्यली होती.

"सूप दे इकडं," ती म्हने.

मी सोडून देलं. तिनं फाटकी बाजू पाह्यली, बाजूले ठेवलं. मले वाटलं, चला, सुपावर भागलं. मी म्हनलं, "माय, लोक किती हसले सांगू! चंद्री आली ना, तवा…"

"मी पाह्यलं. ती तुले हुंगून राह्यली होती." मंग तिचा आवाज चढला. "लय हुशार झाला का रे तू? मासोळी दूध पाजते म्हनून गावाले शिकवतं, आनि माह्या म्हशीचं लेकरू उपाशी ठेवतं? तुह्या हेडसरची नक्कल कर! सरपंचाची कर! माही कर, चार लोकात उभा राहून कर, मी हसन! मानसाले समजते ते नाटक हाये म्हनून. तिले कोन सांगन? ती खरीच आली ना बाप्पा, खुटा उपटून आली! लेकराची हाक खोटी मारतं? मायले? पुन्हा ह्या घरात वगारीचा आवाज तुह्या तोंडातून निघाला ना मिठ्ठू, तं त्या सुपाच्या उरलेल्या बाजूनं तुहं तोंड सोलीन! काय समजलं?"

हेडसरचंच "काय समजलं" तिच्या तोंडून आयकून माह्या ओठावर हसू आलं, तं म्हने, "आनि हसला तं पाह्य तू!"